कोपरापर्यंत ओल

पाऊस शोधायला आम्ही तिघे निघालो, तेव्हा तिनगारच्या विहिरीत गुडघाभर पाणी उरलं होतं. तेही इतकं खारट, की उंटसुद्धा तोंड लावून मान फिरवत. आमच्या नऊ तंबूंचा संसार सत्तर उंटांवर चालायचा. त्यांची वशिंडं बसली होती, दूध आटलं होतं, आणि अंगात एकदाच मुक्काम हलवण्याइतकी ताकद राहिली होती. एकदाच! दिशा चुकली तर परत फिरायला उंट उरणार नव्हते, आणि उंट गेल्यावर माणसं किती दिवस तग धरतात हे आमच्या वाळवंटात कुणाला सांगावं लागत नाही.

उन्हाळा सरत आला होता. हवा दिवसातून तीनदा रंग बदलायची. सकाळी समुद्राकडचा गार वारा, दुपारी पूर्वेची भट्टी, आणि ऊन कललं की क्षितिजावर ढगांची रांग. सलग तीन संध्याकाळी काळ्या टेकड्यांपलीकडे वीज चमकली आणि बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. पण वीज काय, लांबून सगळ्यांनाच आपली वाटते! पाऊस नेमका कुठे पडला, जमिनीत किती मुरला, त्यावर उंटांना पुरेल एवढा चारा उगवेल का, हे कुणीतरी जाऊन हाताने जमीन उकरून बघावं लागतं. आमच्या छावणीचं हे काम चाळीस वर्षं देदामामा करत होते. माझ्या आईचे ते धाकटे भाऊ, आणि उत्तरेच्या खडकापासून दक्षिणेच्या मिठागरापर्यंत त्यांच्याइतका नावाजलेला पावसाचा टेहळ्या नव्हता.

मोजमाप सोपं असतं. ओल बोटाच्या पेराएवढी असेल तर तिथे थुंकायचं आणि पुढे जायचं. मनगटापर्यंत असेल तर शेळ्यांपुरता चारा. हात कोपरापर्यंत ओल्या मातीत गेला, तर छावणी हलवायची! मग ती माती मुंडाशाच्या टोकाला बांधून आणायची आणि म्हाताऱ्यांच्या हातावर ठेवायची. गाठ एकदा मारली की तो टेहळ्याचा शब्द झाला. वाटेत ती कुणी सोडत नाही, आणि त्या शब्दावर कुणी उलट बोलतही नाही.

मामांबरोबर मी होतो, सालेक, आणि माझ्या बहिणीचा नवरा महजूब. दाजी अंगाने तगडे, पण जिभेला हाड नाही. त्यात कवनं रचायची खोड. कुणाचा सदरा उलटा झाला तरी दाजींचं कवन महिन्याभरात समुद्रकिनाऱ्यावर ऐकू यायचं.

दोन दिवस पूर्वेचा वारा तोंडावर घेत चाललो. वाळू नाकात, कानात, पापण्यांखाली. पखालीतलं पाणी कढत. दाजींचं तोंड मात्र चालूच.

"दाजी, तोंड मिटा की! वाळू जातेय पोटात."

"जाऊ दे रे! तुझ्या बहिणीच्या भाकरीत याहून जास्त असते."

मामा हसले नाहीत. ते माझ्या उंटाच्या मागोमाग आपला उंट चालवत होते आणि सारखं विचारत होते, "सालेक, समोर काय दिसतंय? बोल. बघू तुझे डोळे कितपत तयार झालेत." मी सांगायचो, डावीकडे दोन सुळके आहेत, पुढे पांढरा पट्टा आहे. ते "बरोबर" म्हणायचे. मला वाटायचं, मामा मला तयार करतायत. छाती फुगायची माझी! गाढव होतो मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा अचानक म्हणाले, "मिनतूकडची जनावरं आपल्यापेक्षा वाईट आहेत म्हणे."

मिनतू ही मामांची एकुलती एक लेक, माझी मामेबहीण. तिचं सासर दक्षिणेला, दोन दिवसांच्या वाटेवरच्या छावणीत. त्यांचा टेहळ्या गेल्या हिवाळ्यात तापाने मेला होता आणि त्या जागी दुसरा कुणी उभा राहिला नव्हता.

"आधी आपलं बघू या, मामा," मी म्हणालो.

"आपलंच बघतोय रे," मामा पुटपुटले.

तिसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या आत आम्ही काळ्या टेकड्यांमधल्या कोरड्या नदीच्या पात्रात उतरलो, आणि दाजींनी किंकाळी फोडली. पात्रातली वाळू ओली होती! मधोमध चिखलाच्या वाळलेल्या पापड्या, बाभळींच्या बुंध्यांना अडकलेला काडीकचरा. मामा उंटावरून जवळजवळ पडलेच. गुडघे टेकले, बिस्मिल्ला म्हणाले आणि उकरायला लागले. बोटं गेली. मनगट गेलं. कोपरापर्यंत हात आत गेला! बाहेर काढला तेव्हा त्यांच्या दाढीवर आसवं होती.

"कोपरापर्यंत!" दाजी नाचायलाच लागले. "मामा, उंटांची पोटं फुटतील आता!"

मामांनी मूठभर माती घेतली आणि मुंडाशाच्या टोकाला करकचून गाठ मारली. झाला शब्द.

मी सरपण आणायला उतारावर चढलो. सहज एक दगड पायाने उलटला. खाली धूळ. दुसरा उलटला, धूळ. तिसरा, चौथा, सगळीकडे पिठासारखी कोरडी धूळ! वाळूवर थेंबांचे खळगे नाहीत, झुडपांच्या काटक्या कडाकड मोडतायत. इथे पाऊस पडलाच नव्हता! तो पडला होता वरती, कुठेतरी लांब. त्याचं पाणी पात्रातून वाहून गेलं होतं. पात्रात गवत येणार, पण पंधरा पावलं रुंदीचं. सत्तर उंट ते आठ दिवसांत फस्त करणार, आणि मग बाकीच्या टेकड्यांवर खायला काय, दगड? पात्राची ओल आणि पावसाची ओल यातला फरक मला मामांनीच शिकवला होता. मग मामांना उतार दिसला कसा नाही?

तेवढ्यात पूर्वेकडे माझी नजर गेली. दोन टेकड्यांच्या खिंडीत ढग उभा होता. काळाकुट्ट, पायथ्याशी पिवळ्या धुळीची भिंत, आत वीज लवलव करतेय. आणि मामा खाली त्या खिंडीकडेच तोंड करून बसले होते. थेट ढगाकडे बघत! तसेच बघत ते मोठ्याने म्हणाले, "आभाळ निवळलंय. महजूब, चहा होऊ दे निवांत."

मामांना दिसत नव्हतं. ढगसुद्धा दिसत नव्हता.

आता माझी चूक ऐका. मी तिथूनच ओरडायला हवं होतं. पण खाली दाजी होते. त्यांची पाठ ढगाकडे, लक्ष चहाच्या किटलीत. मी "ढग!" म्हणून ओरडलो असतो, तर दाजींनी वळून एकदा ढगाकडे आणि एकदा मामांकडे बघितलं असतं, आणि महिन्याभरात साऱ्या वाळवंटाने आंधळ्या टेहळ्याचं कवन म्हटलं असतं. भाच्याने मामाची अशी चारचौघांत लाज काढायची? आमच्यात ते होत नाही. म्हणून मी गप्प राहिलो. मामांच्या कानात हळूच सांगू म्हणून उतार उतरायला लागलो. चांगला उतरलो, सरपण सांभाळत!

अर्ध्यावर होतो तेव्हा वारा पडला. मग एकदम गार झोत आला, आणि वरच्या अंगाला घरघर सुरू झाली.

मामांनी मान वर केली. "पाणी!" ते ओरडले. "पळा! पाणी येतंय!"

कानांनी ओळखलं त्यांनी, आमच्या दोघांच्या आधी. पण उंट पात्रात बसवलेले, पुढचे पाय बांधलेले. दाजी सुरी उपसून धावले. एकाची दोरी कापली. दुसऱ्याची कापली. तिसरा मामांचा, तो घाबरून लोळायला लागला. मी मामांचा दंड धरला आणि त्यांना ओढत खडकावर चढवलं. मागे वळून बघतो तो वळणावरून लालभडक भिंत आली! पुरुषभर उंच, बाभळीची झाडं पोटात घेऊन. तिने तिसरा उंट उचलला. तिने दाजींना उचललं!

"दाजी!"

टपोऱ्या गारा कोसळायला लागल्या. वीज डोक्यावर फुटली. दाजी बुडाले, वर आले, पुन्हा बुडाले. पाण्यासाठी जन्मभर वणवण करणारा माणूस पाण्यात मरत होता आणि मी नुसता बघत होतो! मग खालच्या अंगाला एका बाभळीत त्यांचा सदरा अडकला. बुंध्याला मिठी मारून त्यांनी डोकं वर काढलं.

विहिरीचा दोर मामांच्या उंटाबरोबर गेला होता. मी मुंडासं सोडलं. आठ हात. अपुरं! "मामा, तुमचं द्या!"

मामांचा हात गाठीवर गेला. क्षणभर, एकच क्षण, तो तिथे थांबला. मग त्यांनी दातांनी गाठ तोडली, मुंडासं माझ्याकडे फेकलं आणि माती पुरात पडली. दोन्ही मुंडाशी एकत्र बांधून एक टोक मी कमरेला घेतलं. दुसरं मामांनी स्वतःभोवती गुंडाळलं आणि खडकाच्या मागे पाय रोवून बसले.

"जा! मी सोडत नाही!"

मी उडी टाकली. गार, जड, दगडगोट्यांनी भरलेलं पाणी! गुडघ्यावर काहीतरी आदळलं. बाभळीचे काटे हातात घुसले. दाजींचं मनगट सापडलं. "सोडा ती बाभूळ!" ते सोडेनात. मी त्यांच्या थोबाडीत मारली. मेहुण्याने दाजींच्या थोबाडीत! तेव्हा सोडली. मामांनी आम्हा दोघांना एकट्याने ओढलं, साठी उलटलेल्या माणसाने, तळहाताची सालटी जाईपर्यंत.

पूर तासाभरात ओसरला. दाजी थरथरत पडले होते. ओठ निळे. तरी म्हणतात, "सालेक, ते थोबाडीत मारल्याचं तुझ्या बहिणीला सांगू नकोस. तिला सवय लागेल."

कुणी हसलं नाही. मामा पाठमोरे बसले होते.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी लांबचं गेलं, मग जवळचं. उजेड कळतो, माणूस कळतो, पण कोण ते आवाजाने कळतं. वाटलं, हात तर शाबूत आहे. हाताने मोजीन. पात्रात मोजलं मी, सालेक. उतारावर हात लावला नाही. तू बघितलास का उतार?"

"बघितला, मामा. कोरडा आहे."

"आणि मला बोलला नाहीस."

दाजी एकदा माझ्याकडे, एकदा मामांकडे बघत होते.

सकाळी उतार पुन्हा उकरला. त्या एवढ्या वादळाने तिथे ओल किती केली होती? एक पेर! मग पाऊस पडला कुठे म्हणून आम्ही टेकडी चढून वरच्या पठाराच्या कडेला गेलो, आणि तो तिथे होता. नजर पोचेल तिथवर काळा सपाट दगड, आणि दगडावर पाण्याची तळी चकाकतायत. सगळा पाऊस, दोन्ही वेळचा, दगडावर पडला होता! तिथे आजवर काडी उगवलेली नाही. मला दिसेल ते मी मामांना सांगत गेलो. दाजी हमसून हमसून रडायला लागले.

"पखाली भरा," मामा म्हणाले. "आपल्याला पाऊस मिळाला नाही. छावणी समुद्राकडे न्यायची. तिथे धुक्याने झुडपं ओलावतात. निम्मे उंट तरी जगतील."

दोन उंट आणि तीन माणसं. आळीपाळीने बसत आम्ही परत फिरलो. दुसऱ्या दिवशी ऊन कलताना समोर धूळ उठली. एक अख्खी छावणी आमच्याकडे येत होती, अकरा तंबूंचं सामान लादून. पुढे चालत होता लारूसी, मिनतूचा सासरा. टेहळ्या नाही म्हणून ते नुसत्या विजेच्या मागे निघाले होते! त्यांच्या उंटांपैकी दर दहा पावलांना एखादा गुडघे टेकत होता.

"या व्याही, या!" लारूसीने हाक मारली. "काय, पाऊस?"

"पाऊस नाही, लारूसी. पात्र ओलं आहे, बाकी सगळा दगडावर गेला. माघारी फिर. आमच्याबरोबर समुद्राकडे चल."

लारूसीने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फुगलेल्या पखाली, कपड्यांवर वाळलेला लाल चिखल. तो खदाखदा हसला. "नखशिखांत भिजलेत, आणि म्हणे पाऊस नाही!"

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्यात टेहळ्या खोटं बोलतो. दुसऱ्या छावणीचा माणूस वाटेत भेटला, की चारा आपल्याला राहावा म्हणून सांगायचं, थेंबही नाही! सगळेच सांगतात, पण मामा सगळ्यांत सफाईने सांगायचे. सांगताना आसवंसुद्धा काढायचे. त्या खोट्यावर आमची छावणी कितीदा तरली आणि तंबूत बसून त्यावर आम्ही किती हसलो, मोजदाद नाही.

"सात वर्षांपूर्वी याच तोंडाने 'थेंब नाही' म्हणालात," लारूसीचं हसू मावळलं. "मी पाठ फिरवली आणि तुमचे उंट तिथे चरले. माझे बावीस उंट मेले तेव्हा, व्याही. बावीस!"

"तेव्हा खोटं बोललो. आज खरं बोलतोय."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात."

लोक हसले. मामांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी ते सांगितलं, जे त्यांनी बहिणीपासून, छावणीपासून, माझ्यापासून लपवलं होतं. मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लारूसी, मी आंधळा झालोय. मला दिसत नाही. मी टेहळ्या राहिलो नाही. चारा राखून मी करू काय? मला आता नाव नको, काही नको. फक्त फिर माघारी!"

मग लारूसी म्हणाला, "दिसत नाही? मग पाऊस पडला नाही हे बघितलं कुणी?"

"सालेकने."

"भाचा तुमचाच ना?"

"मी बघितलंय!" दाजी पुढे झाले. "पोरांची शपथ!"

"तू कवनं कर, महजूब. शपथा घेऊ नकोस."

तेवढ्यात एका सांडणीवरच्या डोलीतून मिनतू उतरली. कडेवर तान्ही मुलगी, मागे पाच वर्षांचा मुलगा. ती येऊन बापाच्या समोर, हातभर अंतरावर उभी राहिली. काही बोलली नाही. मामांनी मान थोडी वाकडी केली.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मिनतूने पदर तोंडात कोंबला. मग ती वळली आणि सासऱ्यापुढे, नवऱ्यापुढे, अख्ख्या छावणीपुढे कडाडली. "माझा बाप चाऱ्यासाठी खोटं बोलेल! शंभरदा बोलेल! पण आपण आंधळे झालो असं चारचौघांत सांगण्यापेक्षा तो जीव देईल. ज्या अर्थी हे बोलला, त्या अर्थी बाकीचंही खरं आहे!" तिने माहेराहून आणलेल्या आपल्या चार सांडण्या कळपातून वेगळ्या काढल्या आणि त्यांची तोंडं पश्चिमेला फिरवली. "हम्मा, चल."

तिचा नवरा हम्मा, लारूसीचा थोरला मुलगा, मधेच उभा होता. एका बाजूला बायको-पोरं, दुसऱ्या बाजूला बाप आणि बापाचे उंट.

"मी म्हाताऱ्याला एकटं कसं सोडू?" तो म्हणाला. "तू पोरांना घेऊन जा. चारा असला तर तुला न्यायला येतो. नसला तर... तरी येतो." त्याने मुलाचं डोकं कुरवाळलं आणि तो पुढच्या उंटाकडे चालायला लागला.

मामा रस्त्यातच बसले. अकरा तंबूंचे उंट त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेले. शेवटच्या उंटाची चाहूल विरली, तरी ते उठले नाहीत. आम्ही दोघांनी बखोटी धरून उठवलं.

आमच्या छावणीने मामांचा शब्द मानला. आम्ही समुद्राकडे गेलो. वाटेत तेहेतीस उंट पडले, उरलेले धुक्यावर जगले. काळ्या टेकड्यांतल्या पात्रात म्हणे हिरवंगार गवत आलं होतं, आठ दिवस. मग पूर्वेचा वारा सुटला.

दीड महिन्याने एका सकाळी धुक्यातून एक म्हातारा चालत आला. अनवाणी, हातात उंटाची रिकामी वेसण. मिनतू तंबूच्या तोंडाशी होती. तिने त्याच्या मागे धुक्यात बराच वेळ बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"कोण आलंय?" मामांनी आतून विचारलं.

"मी, व्याही. लारूसी." म्हातारा त्यांच्यासमोर बसला. "तुम्ही खरं बोलला होतात. मीच ऐकलं नाही."

मामांनी चाचपडत त्याचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला. ते रडत होते, आणि त्या वेळची आसवं खरी होती हे सांगायला कुणाची साक्ष लागली नाही.

"तू का ऐकशील, लारूसी?" ते म्हणाले. "माझं ऐकू नये हे चाळीस वर्षं मीच तुला शिकवलं."

मिनतूने हम्माबद्दल विचारलं नाही. ती आत गेली, आणि सासऱ्यासाठी वाडगाभर दूध घेऊन आली.